नवा लॅपटॉप घेताय? आधी जुन्या जोडण्यांची चौकशी करा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. तेव्हापासून बऱ्याच घरांत आणि छोट्या ऑफिसांत नवा लॅपटॉप घ्यायचं घाटतंय. जरूर घ्या. पण पैसे मोजण्यापूर्वी एक चौकशी करा. ती केली नाही तर ऐन घाईच्या दिवशी काम अडतं.

दुकानात आपण रॅम विचारतो, किंमत विचारतो. प्रोसेसर कोणत्या जातीचा, हे विचारायचं राहून जातं. आजवर विंडोजचे बहुतेक कॉम्प्युटर इंटेल नाहीतर एएमडीचे असत. त्या दोघांवर एकच सॉफ्टवेअर चालतं. त्या जातीला 'एक्स६४' म्हणतात. आता स्नॅपड्रॅगनचे लॅपटॉपही मिळतात. ते 'आर्म' जातीचे, आपल्या मोबाइलसारखे. यंत्र वाईट नाही, बॅटरीही चांगली टिकते. तुमच्या कामाला ते चालेल का, एवढंच बघायचं आहे.

आधी निश्चिंत व्हा. तुमचे फोटो, पत्रं, एक्सेलचे तक्ते, युनिकोड मराठीतला मजकूर, फॉन्ट हे सगळं कुठल्याही प्रोसेसरवर उघडतं. क्रोमची एक्स्टेन्शन्सही सहसा चालतात. प्रोसेसरची जात फक्त प्रोग्रॅमला लागते.

जुना प्रोग्रॅमही बहुतेक वेळा चालून जातो. इंटेलसाठी बनलेला प्रोग्रॅम आर्मवर चालवण्याची सोय विंडोज ११ मध्येच आहे. खरी अडचण येते ती जोडण्यांची. जोडण्या म्हणजे प्रिंटरचा, स्कॅनरचा किंवा डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, एक्सेलमधलं ॲड-इन, गाण्याच्या सॉफ्टवेअरमधलं प्लगइन.

ड्रायव्हरला ती सोय मिळत नाही. आर्मच्या लॅपटॉपला आर्मसाठीच बनवलेला ड्रायव्हर लागतो. कंपनीने तो काढला नसेल, तर चांगला चालता प्रिंटर टेबलावर नुसता बसून राहील. नवे बरेच प्रिंटर विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतात. पण जुना प्रिंटर, टोकन, डोंगल यांबाबत विचारल्याशिवाय धरून चालू नका. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी सही होईना, तर दंड तुम्हाला बसतो.

म्हणून आज घरी एक कागद घ्या. कॉम्प्युटरला जे जे जोडता, त्याचं नाव आणि मॉडेल नंबर लिहा. ज्या प्रोग्रॅमवर तुमचं पोट चालतं, तो लिहा. त्यात नंतर वेगळं काय बसवलंय, तेही लिहा. हिशेब बघणाऱ्यांना विचारा, मराठी टायपिंग करणाऱ्यांना विचारा. मग प्रत्येक कंपनीच्या मदत केंद्राला एकच प्रश्न करा: "हे विंडोज ११ वर, आर्म प्रोसेसरवर चालतं का?" उत्तर ईमेलने मागा. नुसत्या "चालेल हो" वर विसंबू नका.

हातातला कॉम्प्युटर कोणत्या जातीचा, हे बघणं सोपं आहे. सेटिंग्ज उघडा, सिस्टीममध्ये जा, तळाशी अबाउट आहे. तिथे 'सिस्टीम टाइप' समोर एक्स६४ की आर्म ते लिहिलेलं असतं. दुकानातसुद्धा हे बघून घ्या. कोणी काही म्हणणार नाही.

आता इंटेलच घेणाऱ्यांनीही थोडं ऐका. ॲड-इन हे दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात बसून चालतं. त्यामुळे दोघांचा मेळ बसावा लागतो, म्हणजे दोन्ही ३२ बिटचे किंवा दोन्ही ६४ बिटचे हवेत. ६४ बिटच्या एक्सेलमध्ये ३२ बिटचं ॲड-इन बसत नाही, मग कॉम्प्युटर कितीही भारी असो. जुन्या ऑफिसांत ३२ बिटचं एक्सेल असायचं. नव्या मशीनवर सहसा ६४ बिटचं येतं. आणि वर्षानुवर्षं वापरलेलं ॲड-इनचं बटण एकाएकी दिसेनासं होतं.

एक्सेलमध्ये फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल असं उघडा. वरच्या ओळीत ३२ की ६४ ते दिसेल. जुन्या मशीनवरचा आकडा कागदावर टिपून ठेवा. ॲड-इनचं ६४ बिटचं रूप मिळालं तर उत्तम. नाही मिळालं, तर ६४ बिटच्या इंटेल मशीनवरही ३२ बिटचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस बसवता येतं. मात्र दोन्ही शेजारी शेजारी ठेवायच्या नादाला लागू नका. आधी एक काढा, मग दुसरं बसवा.

मॅक वापरणाऱ्या घरांतही हेच. ॲपलने नोव्हेंबर २०२० पासून मॅकमध्ये स्वतःचे प्रोसेसर घालायला सुरुवात केली. जुने इंटेलचे प्रोग्रॅम 'रोझेटा' नावाच्या सोयीवर चालतात. मुलगा गाणी रेकॉर्ड करत असेल, तर त्याच्या प्लगइनकडे लक्ष द्या. मुख्य प्रोग्रॅम नवा आणि प्लगइन इंटेलचं असेल, तर ते पुष्कळदा यादीतच दिसत नाही. काही प्रोग्रॅममध्ये त्याचीही सोय असते. नसेल तर प्रोग्रॅमच्या 'गेट इन्फो' मध्ये रोझेटातून उघडायची खूण मिळते का बघा. पण ही तात्पुरती सोय आहे. रोझेटा पूर्ण रूपात मॅकओएस २७ पर्यंतच राहील, असं ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. तोवर प्लगइनची नवी आवृत्ती मिळवा.

एक मात्र कळकळीने सांगतो. "अमुक डीएलएल सापडत नाही" असा संदेश आला, की माणूस घाबरतो आणि इंटरनेटवर मिळेल तिथून ती फाइल उतरवतो. तसं करू नका. अशा फाइलमागून पासवर्ड चोरणारे घरात शिरू शकतात. ड्रायव्हर बसवून देतो म्हणून फोन आला आणि समोरचा तुमची स्क्रीन मागू लागला, तर फोन ठेवा. बँकेचं काम त्याच कॉम्प्युटरवर करता ना? ड्रायव्हर घ्यायचा तो वस्तू बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून.

मशीन परत घेण्याची मुदत किती, हे बिलावर लिहून घ्या. त्या मुदतीत कागदावरची एकेक वस्तू जोडून बघा. एक पान छापा, एक सही करा, एक बिल काढा. एक पूर्ण महिना पार पडेपर्यंत जुना कॉम्प्युटर विकू नका, कोणाला देऊही नका.