स्केलिंगनंतरचे मोजमाप

हिरड्यांच्या आजारासाठी लेझर घ्यावा का, हा प्रश्न सध्या प्रत्येक परिषदेच्या चहापानात निघतो आणि कर्जाच्या हप्त्यांवर येऊन थांबतो. युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी पहिल्या ते तिसऱ्या स्टेजच्या पेरिओडॉन्टायटिससाठी त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे: स्केलिंगच्या जोडीला लेझर नको, फोटोडायनॅमिक थेरपी नको, पोटातून अँटिबायोटिकही सरसकट नको. आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांत उणीव यंत्राची नाहीच. उणीव आहे ती दुसऱ्या मोजमापाची.

साध्या अवजारांनी काय साधते, हे स्वीडनमध्ये बाडर्स्टेन, निल्व्हेउस आणि एगेलबर्ग यांनी १९८० च्या दशकातच दाखवले. एकमुळी दातांच्या १२ मिमीपर्यंतच्या पॉकेटांवर त्यांनी शस्त्रक्रियेविना उपचार केले. हँड क्युरेट आणि अल्ट्रासॉनिक यांच्या निकालांत फरक पडला नाही, आणि सुधारणा पहिले नऊ महिने होत राहिली. नऊ महिने! आपण मात्र पेशंटला आठवड्यानंतर ‘काही त्रास नाही ना?’ एवढेच विचारतो आणि केसपेपर कपाटात जातो.

दाढांची गोष्ट वेगळी. बोवर यांनी १९७९ मध्ये पहिल्या दाढांच्या फर्केशनची तोंडे मोजली. निम्म्याहून अधिक तोंडे ०.७५ मिमी किंवा त्याहून अरुंद निघाली, तर नेहमीच्या क्युरेटचे पाते ०.७५ ते १.१० मिमी रुंद असते. जिथे पाते शिरतच नाही, तिथे हाताचे कौशल्य काय करणार? तिथे बारीक अल्ट्रासॉनिक टीप हवी, आणि तरीही कॅल्क्युलस मागे राहील हे गृहीत धरायला हवे.

म्हणूनच पुन्हा मोजायचे. पॉकेटमधला एपिथेलियमचा थर आठवड्या-दोन आठवड्यांत मुळाला धरतो. खालच्या कोलेजन तंतूंना पक्के व्हायला त्याहून बरेच आठवडे लागतात. त्याआधी प्रोब घालणे म्हणजे कोवळी जोडणी उसवणे. साधारण तीन महिन्यांनी प्रत्येक दाताच्या सहा जागा पुन्हा तपासा. ४ मिमीहून खोल आणि रक्त येणारी जागा उरली नसेल, तर पेशंट मेंटेनन्सवर. ४-५ मिमीची उरली, तर पुन्हा इन्स्ट्रुमेंटेशन. ६ मिमी वा अधिक उरली, तर फ्लॅपचा विचार. पहिल्याच दिवशी खुर्चीत बसवून ‘हिरडीचे ऑपरेशन करावे लागेल’ असे सांगणे हा निदानाचा नव्हे, घाईचा भाग आहे.

अर्थात पहिले मोजमापच नसेल तर दुसरे कशाशी ताडून पाहणार? ‘जनरलाइज्ड पेरिओ, स्केलिंग डन’ ही नोंद म्हणजे कोरा कागदच.

हिस्टरीतही असेच सुटते. गावाकडच्या बाईंना ‘तंबाखू खाता का?’ विचारले, तर ‘छे हो डॉक्टर’ असे उत्तर येते. ‘मिश्री लावता का?’ विचारले, की ‘ती होय, सकाळ-संध्याकाळ.’ मिश्री त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू आहे, व्यसन नव्हे. दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारायला हवेत. सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते, त्यामुळे प्रोब न घालता दिलेला निर्वाळा तिथे हमखास चुकतो. आणि मधुमेही पेशंटच्या फिजिशियनला चार ओळींची चिठ्ठी जरूर पाठवा. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी सुमारे ०.४ टक्क्यांनी उतरते.

‘सफाईनंतर दातांत फटी पडल्या’ ही तक्रार सर्वांच्या ओळखीची. सुजलेली हिरडी बसली की आधीच झालेली हाडाची झीज दिसू लागते. हे पेशंटला आधी सांगितले तर समजावणे ठरते, नंतर सांगितले तर सबब. फटीच्या मापाचा इंटरडेंटल ब्रश आरशासमोर त्याच्याच हातात देऊन वापरून घ्या. पुढचे तीन महिने उपचार त्याच्या हातात आहेत.

आता राहतो व्यवहार. चार्टिंगला वेळ लागतो आणि त्याचे पैसे कोणी देत नाही, ही अडचण खरी आहे. पण तो वेळ मदतनिसाला आकडे लिहायला शिकवले की निम्म्यावर येतो, आणि उरलेल्या वेळाची फी उघडपणे लावण्यात संकोच कसला? पेरिओचा पेशंट बिल देऊन बाहेर पडण्याआधी तीन महिन्यांनंतरची तारीख त्याच्या केसपेपरवर लिहा, आणि त्या दिवशी हातात आधी प्रोब घ्या, स्केलर नंतर.