साखरी नाटे बंदरासाठी वेल्डिंग रॉड सुकवण्याच्या भट्टीची मागणी

प्रति,
मा. सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय, रत्नागिरी

विषय : साखरी नाटे बंदरात सामायिक रॉड-भट्टी व कोरडी खोली मिळणेबाबत.

महोदय,

१ जून ते ३१ जुलै या बंदीकाळात बोटी शाकारल्या जातात आणि विंचचा पाया, सुकाणू, नांगर यांचे वेल्डिंग त्याच दोन महिन्यांत उरकावे लागते. वर्षातल्या सर्वांत ओल्या हवेत सर्वांत जोखमीचे काम. पापड सादळला तर हाताला कळतो. सादळलेला रॉड पुष्कळदा कळत नाही. आवरणातले पाणी आर्कच्या उष्णतेत फुटते आणि त्यातला हायड्रोजन वितळलेल्या पोलादात शिरतो. कधी जोडात छिद्रे पडतात, ती निदान दिसतात. जाड, कठीण पोलादात मात्र जोड थंड झाल्यावर, प्रसंगी दोन दिवसांनी, आतल्या आत तडा जातो.

गेल्या हंगामात एका बोटीचा विंच अशाच जोडावरून सुटला. जाळे पाण्यात होते, खलाशी दोराजवळ. इजा कोणाला झाली नाही. पण तो टाका आमच्याच हातचा होता, हे आम्ही लपवत नाही.

सध्या जुन्या फ्रिजमध्ये बल्ब लावून आम्ही रॉड ठेवतो. कोरडा रॉड त्यात कोरडा राहतो, पण सादळलेला ७०१८ जातीचा रॉड त्याने सुधारत नाही. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या डी१.१ संहितेप्रमाणे तो २६० ते ४३० अंश सेल्सिअसला किमान २ तास भाजावा लागतो, तेही एकदाच. पुढे १२० अंशांच्या खाली उतरू न देता ठेवायचा आणि बाहेर काढल्यावर ४ तासांत वापरायचा. पाण्यात भिजलेला रॉड टाकूनच द्यायचा. ६०१३ जातीच्या रॉडला मात्र एवढी आच चालत नाही, तो १०० अंशांच्या आसपासच सुकवतात. म्हणून तापमान नेमके राखणारी भट्टी हवी.

तरी बंदरावर अशी एक भट्टी, तिला पुरेशी वीजजोडणी आणि जमिनीपासून उंच फळ्या असलेली पक्क्या छपराची खोली द्यावी, ही विनंती. यंदाच्या बंदीआधी निदान भट्टी तरी बसावी. खोली मागाहून झाली तरी चालेल. कोणता रॉड कधी भाजला याची वही आम्ही ठेवू आणि विजेचे बिल वर्गणीतून भरू.

आपले विश्वासू,
नाटे परिसरातील वेल्डर व नौकामालक
ता. राजापूर, जि. रत्नागिरी