मालक बदलतो, चॅनेल तेच राहतं



'विलीनीकरण' हा शब्द पेपरात हल्ली इतका येतो की आपण तो वाचतो न वाचतो आणि पान उलटतो. आपल्याला काय त्याचं! पण एखादा पेपर किंवा टीव्ही चॅनेल विकलं जातं तेव्हा नेमकं काय विकलं जातं? इमारती, छापखाना, कॅमेरे? ते काय, बाजारात नवे मिळतात. माझं मत विचाराल तर विकली जाते ती तुमची-आमची सवय.

रूपर्ट मरडॉक यांचंच उदाहरण घ्या. १९५२ साली वडील वारले आणि ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरातला 'द न्यूज' हा पेपर एकवीस वर्षांच्या या मुलाच्या वाट्याला आला. पुढे १९६४ मध्ये 'द ऑस्ट्रेलियन' हा नवा पेपर त्यांनी काढला खरा, पण ते वाढले मुख्यतः दुसऱ्यांचं विकत घेऊन. आधी पर्थ, सिडनी. मग १९६९ मध्ये लंडनचे 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' आणि 'द सन'. १९८१ मध्ये थेट 'द टाइम्स'! अमेरिकेत टीव्ही केंद्रं घ्यायची तर परदेशी माणसाला कायद्याची आडकाठी होती, म्हणून १९८५ मध्ये ते चक्क अमेरिकेचे नागरिक झाले. रीत अशी की हातातल्या पेपरचा नफा आणि बँकांचं कर्ज यांवर पुढचा पेपर घ्यायचा. १९९० च्या सुमारास हे कर्ज इतकं फुगलं की सगळा डोलारा कोसळता कोसळता वाचला.

ही गोष्ट आपल्या दिवाणखान्यापर्यंत कशी आली तेही पाहा. हाँगकाँगमध्ये १९९१ साली सुरू झालेल्या 'स्टार टीव्ही'चा मोठा हिस्सा मरडॉक यांनी १९९३ मध्ये घेतला. त्याच 'स्टार'ने २००८ मध्ये 'स्टार प्रवाह' हे मराठी चॅनेल काढलं. २०१९ मध्ये डिस्नेने मरडॉक यांचा बराचसा पसारा ७१ अब्ज डॉलरना घेतला, त्यात 'स्टार'ही गेलं. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये डिस्नेचा भारतातला टीव्हीचा व्यवसाय रिलायन्सच्या व्यवसायात विलीन झाला. आता डिस्नेकडे सुमारे ३७ टक्के हिस्सा आहे, ताबा रिलायन्सचा. म्हणजे सोळा वर्षांत तिसरा मालक! आमच्या वहिनी रोज संध्याकाळी इमानेइतबारे हेच चॅनेल लावतात. त्यांची ही सवय सातासमुद्रापार विकली गेली आणि परतही आली, पण वहिनींना त्याचा पत्ताच नाही.

यात सगळं वाईटच आहे असं मी म्हणत नाही. मोठं भांडवल आलं म्हणून मराठी नटांना, लेखकांना, तंत्रज्ञांना काम मिळालं. आणि एकट्यादुकट्या मालकाचे जुने पेपर काही सगळेच धुतल्या तांदळासारखे नव्हते.

माझा आक्षेप वेगळा आहे. विकत घेताना दिलेला शब्द पुढे कोण पाळतो? 'टाइम्स' घेताना संपादकाच्या स्वातंत्र्याची हमी दिली होती. तिथे नेमलेले हॅरोल्ड एव्हन्स यांना वर्षभरातच, १९८२ मध्ये, राजीनामा द्यावा लागला. हमी कागदावर राहिली. आणि मालक जितका मोठा, तितकी आपली भाषा त्याच्या खातेवहीतली एक ओळ होऊन बसते. फायदा झाला तर ओळ राहील, नाही तर खोडली जाईल.

मी नागरिकशास्त्र शिकवत असे. वृत्तपत्रं हा लोकशाहीचा चौथा स्तंभ, हे वाक्य मुलं घोकून पाठ करत. त्या स्तंभाचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न मात्र कधी परीक्षेत आला नाही. तो यायला हवा, असं मला फार वाटतं.

एक गोष्ट मात्र दिलासा देते. याच मरडॉक यांच्या कंपनीने २००५ मध्ये 'मायस्पेस' ही वेबसाइट ५८ कोटी डॉलरना घेतली. लोकांचं मन तिच्यातून उडालं, ते दुसरीकडे गेले, आणि २०११ मध्ये ती साडेतीन कोटींच्या आसपास विकावी लागली. म्हणजे सवय विकत घेता येते, पण बांधून ठेवता येत नाही. ती शेवटी आपलीच असते.

तेव्हा मंडळी, एवढं करा. पेपरात तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं असतात, ती उद्या चहा घेताना वाचा. चॅनेल बघताना अशी ओळ डोळ्यांसमोर येत नाही, तिथे नातवंडांना कामाला लावा, ती दोन मिनिटांत मालक शोधून देतील. मालक कळला म्हणून चॅनेल बंद करा असं मी म्हणत नाही. पण कोणाच्या ओसरीवर बसून आपण गोष्ट ऐकतो आहोत, एवढं तरी ठाऊक असावं.

असो. तुम्हाला काय वाटतं?