वर्षासन आणि रेवडी

आपल्या समाजात सध्या एक शब्द फार स्वस्त झाला आहे: रेवडी. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, ज्येष्ठांच्या सकाळच्या फेरीत कुणीतरी लाडली बहनाचा विषय काढतो आणि एकमुखाने निकाल लागतो की आमच्या टॅक्सवर फुकट्यांची चैन चालली आहे. बोलणारे सगळे सज्जन, शिकलेले, आपलेच. म्हणूनच आम्ही स्पष्ट लिहितो. हा निकाल एकतर्फी आहे, आणि तो देण्याचा अधिकार तर आपल्याला सर्वांत कमी आहे.

आपली घराणी माळव्यात कशी टिकली ते आठवा. होळकरांच्या मागोमाग कुणी शिलेदार म्हणून आले, कुणी फडावर कारकून म्हणून, कुणी पूजाअर्चेला. कुणाला इनाम जमीन मिळाली, कुणाला देवस्थानची सनद, कुणाला वर्षासन. वर्षासन म्हणजे दरसाल दौलतीकडून मिळणारी ठरीव रक्कम. बाप गेला की पुष्कळदा मुलाकडे चालू. यंदा काय काम केले, असे विचारायला कुणी येत नसे. घराण्याचा इतिहास सांगताना आजही आपण त्या सनदेची झेरॉक्स अभिमानाने पुढे करतो. तो मान होता. मग मालवा मिलमागच्या वस्तीतल्या बाईच्या खात्यात महिना हजार-बाराशे आले की ती लगेच रेवडी कशी होते? फरक रकमेचा आहे की जातीचा, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

आणि 'आमच्या टॅक्सवर' म्हणजे तरी काय? ती बाईसुद्धा मोबाईलच्या रिचार्जवर आपल्याइतकाच, १८ टक्के जीएसटी भरते. तिला रिटर्न भरावे लागत नाही, म्हणून तिचा टॅक्स कुणाला दिसत नाही, इतकेच.

पण आमचा खरा मुद्दा टॅक्सच्याही अलीकडचा आहे. पैसा जन्मतो कुठे आणि आधी पोचतो कुणाकडे? बी.कॉम.ला आम्हाला शिकवले की ठेवीदार पैसे ठेवतो आणि बँक तेच पुढे कर्जाऊ देते. काउंटरमागे बसल्यावर उलटे दिसते. कर्ज मंजूर होते, बटण दाबले जाते, आणि कर्जदाराच्या खात्यात तेवढीच रक्कम जमा पडते. त्यासाठी दुसऱ्या कुणाच्या खात्यातून एक पैसाही कमी होत नाही. कर्जातूनच ठेव जन्मते. बँकेला भांडवल लागते, रिझर्व्ह बँकेची बंधने असतात, हे खरे. पण चलनातला बहुतेक पैसा असाच तयार होतो. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ साली आपल्या त्रैमासिकात हे सरळ लिहून टाकले.

मग हा नवा पैसा कुणाच्या दारी आधी जातो? ज्याच्याजवळ तारण आहे त्याच्या. रिचर्ड कँटिलनचा ग्रंथ १७५५ साली छापला गेला, त्यात त्याने दाखवले की नवा पैसा ज्याच्या हाती प्रथम पडतो तो जुन्या भावाने माल घेतो, आणि शेवटी ज्याला मिळतो त्याच्यापर्यंत भाव चढलेले असतात. बायपासलगतच्या प्लॉटांचे भाव पाहिलेल्या इंदूरकराला हे वेगळे समजावून सांगायला नको. बिल्डरला कर्ज आधी मिळते. आपल्या मुलाला घर घ्यायचे तेव्हा तोच भाव दुपटीने समोर उभा राहतो. महागाईची भीती फक्त गरिबाच्या हप्त्याला का दाखवता?

वरच्या रेवड्यांचा हिशेबही मांडू. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कराचा दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडावे लागेल, हा अंदाज सरकारनेच सांगितला. तेव्हा पंगतीत कुणी रेवडी म्हटले नाही; 'उद्योगाला चालना' म्हटले. मार्च २०२४ पर्यंतच्या दहा वर्षांत बँकांनी सुमारे १६ लाख ३५ हजार कोटींची कर्जे निर्लेखित केली, हे सरकारनेच संसदेत सांगितले. निर्लेखित म्हणजे माफ नव्हे, वसुली चालू राहते, हे आम्हाला माहीत आहे. तेवढे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. पण किमान शिल्लक ठेवता आली नाही म्हणून सरकारी बँकांनी २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत दंडापोटी सुमारे साडेआठ हजार कोटी गोळा केले, ते मात्र जागच्या जागी खात्यातून वळते झाले. त्याला वसुली अधिकारी लागला नाही. २०२५ मध्ये अनेक सरकारी बँकांनी हा दंड बंद केला. घेतलेले परत दिले, असे आमच्या ऐकिवात नाही.

लाडली बहना योजनेचे आम्ही वकील नाही. जून २०२३ मध्ये १००० रुपयांनी सुरुवात झाली, नोव्हेंबरात मतदान होते, तर ऑक्टोबरातच १२५० झाले. १५०० व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडले. २०२३ साली दोनदा नोंदणी झाली, पुढे निदान दोन वर्षे दार बंदच. अविवाहित बाई नको, साठी उलटली की नाव गळते. साठीनंतर काय, तर पेन्शन. तिच्यातला केंद्राचा वाटा २००७ साली २०० रुपये होता आणि २०२५ सालीही २००च, फक्त ऐंशी पार केल्यास ५००. महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून लाडकी बहीण आली, नोव्हेंबरात निवडणूक झाली, आणि मग छाननी निघून लाखो बहिणींचे हप्ते थांबले. पक्ष कोणताही घ्या. बेळगावच्या नातेवाइकांना विचारा, तिकडची गृहलक्ष्मीसुद्धा २०२३ च्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यातूनच जन्मली. वर्षासनाला निदान सनद होती. इथे सनद नाही, फक्त भाऊरायाचा फोटो आहे.

हा पैसा पोचतो कसा, ते फार थोड्यांना ठाऊक आहे. हप्ता आधार क्रमांकावर निघतो, खाते क्रमांकावर नव्हे. आधारशी शेवटचे जे खाते जोडलेले असेल तिथे तो जाऊन पडतो. बाई पासबुक घेऊन आमच्या खिडकीशी येते आणि पैसे पडलेले असतात भलत्याच बँकेत, कधीकाळी अंगठा देऊन उघडलेल्या खात्यात. २०१७ साली एका टेलिफोन कंपनीच्या पेमेंट बँकेत लाखो लोकांची गॅस सबसिडी अशीच त्यांच्या नकळत गेली होती, आणि आधार प्राधिकरणाला त्यांची ई-केवायसी रोखावी लागली होती. त्यात समग्र आयडीवर नाव एक, आधारवर दुसरे. त्यात २०१४-१५ च्या जनधन खात्यांना दहा वर्षे झाली म्हणून पुन्हा केवायसी. जुलै २०२५ च्या आकड्यांप्रमाणे जनधनची सुमारे २३ टक्के खाती निष्क्रिय होती. या बायांना 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' सांगणारे आम्हीच असतो. तिची त्या दिवसाची मजुरी बुडते, तिची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही.

हातात थेट पैसा दिला तर लोक दारू पितील, हे दुसरे ठरलेले वाक्य. त्याचा पडताळा दूर युरोपात नव्हे, आपल्या इंदूरच्या आसपासच्या गावांतच झाला आहे. २०११ पासून 'सेवा' संघटनेने युनिसेफच्या मदतीने आठ गावांत आणि एका आदिवासी गावात प्रत्येकाला, कोणतीही अट न घालता, दरमहा पैसे दिले. मोठ्या माणसाला आधी २००, मग ३००. मुलाला त्याच्या निम्मे. दारू वाढल्याचे आढळले नाही. जेवण सुधारले, मुलींची शाळा सुधारली, घरात शेळ्या-कोंबड्या आल्या, सावकाराचे कर्ज हलके झाले. सर्वांना म्हटल्यावर यादीत कोण आणि कोण नाही, हा तंटाच उरला नाही. २०१६-१७ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत सार्वत्रिक मूळ उत्पन्नावर आख्खे प्रकरण आले, पण ते छापील पानावरच राहिले.

आमची मागणी सोपी आहे. रिझर्व्ह बँक कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे तिचा शिलकी नफा केंद्र सरकारला जातो. २०२४-२५ चा आकडा होता २ लाख ६८ हजार ५९० कोटी. रोख्यांचे व्याज, परकीय चलनाचे व्यवहार यांतून तो येतो. म्हणजे देशाचे चलन काढण्याच्या अधिकारातून. तो अधिकार कुणा पक्षाच्या बापाचा नाही. १४० कोटींनी भागा: माणशी साधारण १९०० रुपये, पाच जणांच्या घराला वर्षाला साडेनऊ हजारांच्या आसपास. हे प्रत्येकाला, लहान मुलालाही, कायद्याने ठरलेल्या एकाच तारखेला, नागरिकाचा लाभांश म्हणून द्या. अलास्का राज्यात तेलाच्या निधीतून १९८२ पासून असा वार्षिक लाभांश दिला जातो.

यात अडचण आहे, आणि ती आम्ही लपवत नाही. हा नफा आज अर्थसंकल्पात धरलेला असतो. तो लोकांना दिला तर तेवढी तूट कुठून तरी भरावी लागेल. आम्ही म्हणतो, २०१९ ची कंपनी करातली सवलत तपासायला घ्या. नुसती नोट छापून वाटा, असे आम्ही म्हणत नाही. कॅनडात अल्बर्टा प्रांतात १९३५ साली सोशल क्रेडिट पक्ष दरमहा २५ डॉलरचे आश्वासन देऊन निवडून आला, आणि तो लाभांश लोकांना कधी मिळालाच नाही. आश्वासन आणि तरतूद यांतला फरक निदान आपण खतावणी लिहिणाऱ्यांनी तरी ओळखावा.

गणेशोत्सवात मंडपात हार घालून घ्यायला उमेदवार येतातच. यंदा श्रीफळ देण्याआधी त्यांना दोन गोष्टी विचाराव्यात, अशी कार्यकारिणीला आमची विनंती आहे. हप्त्याचा कायदा विधानसभेत कधी मांडणार, तारीख सांगा. आणि साठ वर्षे पूर्ण झालेल्या बाईला त्या दिवसापासून किती आणि कुठून मिळणार, तेही सांगा.