चाकातला डायनामो निवडताना

इंदूरहून एका वाचकभगिनींचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा संध्याकाळच्या शिकवणीहून रात्री साडेआठच्या सुमारास सायकलवरून घरी परततो. वाटेतील कोसभर रस्त्यावर दिवे नाहीत. सायकलला बॅटरीचा दिवा आहे; परंतु तो चार्ज करून ठेवण्याचे चिरंजीवांच्या लक्षात राहत नाही. गेल्या महिन्यात मागून येणाऱ्या मोटारीच्या चालकाने त्याला अगदी ऐन वेळी पाहिले, म्हणून निभावले. चाकातच बसणारा डायनामो मिळतो असे त्यांच्या कानावर आले आहे. तो घ्यावा काय, आणि घेतल्यास कोणता, असा त्यांचा प्रश्न आहे.

डायनामो म्हटला की टायरला खेटून गुरगुरणारी ती लहानशी बाटली आपणांस आठवते. तिची फिरकी टायरच्या कडेवर घासते, आणि म्हणूनच भर पावसात, जेव्हा उजेडाची खरी गरज असते तेव्हाच, ती घसरू लागते. हबमधील डायनामोत घासण्याचा प्रश्नच नाही. वेटोळे आसाला पक्के असते आणि चुंबकांचे कडे चाकाबरोबर त्याच्याभोवती फिरते. कल्पना जुनीच आहे. इंग्लंडातील स्टर्मी-आर्चर कंपनीने १९३० च्या दशकात असे हब बाजारात आणले. त्यांतून सुमारे दोन वॅट वीज मिळे. आजचे बहुतेक हब सहा व्होल्ट, तीन वॅटचे असतात. जपानच्या शिमानोचे आणि जर्मनीतील श्मिट यांचे हब विशेष नावाजलेले आहेत. तीन वॅट ऐकून नाक मुरडू नये. जुन्या तारेच्या बल्बला तेवढ्यात मिणमिणता उजेड देता येई, एल.ई.डी. दिव्याला तेवढ्यात रस्त्यावरचा खड्डा दाखविता येतो.

तथापि नाव पाहून हब घेणे ही पहिली चूक. हब हा सुटा अलंकार नव्हे. तो आपल्या सायकलीत बसला पाहिजे. पट्टी घेऊन पुढच्या चिमट्याच्या, म्हणजे फोर्कच्या, दोन टोकांमधील आतील अंतर मोजावे. नवे हब बहुधा १०० मिलिमीटर अंतरासाठी केलेले असतात. आपल्याकडील जुन्या धर्तीच्या काळ्या सायकलींचा चिमटा त्याहून अरुंद असू शकतो. चिमट्याच्या खाचेत नव्या हबचा आस शिरतो की नाही, हेही पाहावे. खाच कानशीने रुंद करून देतो म्हणणारे कारागीर भेटतील. ते मला मान्य नाही. पुढचे चाक ज्या खाचेवर टिकते, तिथे धातू कमी करणे धोक्याचे आहे.

त्यानंतर रीमची भोके मोजावीत. काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला बहुधा ३२ आणि मागच्याला ४० स्पोक असतात. हब ३६ भोकांचा आला तर रीमही बदलावी लागेल. संख्या जुळली तरी जुने स्पोक चालतीलच असे नाही, कारण डायनामोचा हब जाड असल्यामुळे स्पोक आखूड लागतात. चाक नव्याने विणून त्याचा आऊट काढणारा हात कसबी हवा. हा खर्च हबच्या किमतीत आधीच धरावा. ब्रेकचाही विचार करावा: काही हब डिस्क ब्रेकसाठी, काही रोलर ब्रेकसाठी असतात. दांड्यांचे किंवा रीमवरचे ब्रेक असलेल्या सायकलीला साधा हबच घ्यावा.

चाकाच्या आकाराकडे दुकानदार सहसा लक्ष वेधीत नाहीत. ताशी १५ किलोमीटर वेगाने २८ इंची चाक मिनिटाला सुमारे ११० फेरे घेते, तर २० इंची चाक १६० च्या आसपास. लहान चाकाच्या घडीच्या सायकलीला म्हणून कमी ताकदीचा हब पुरतो. तोच मोठ्या चाकात बसविल्यास हळू चालताना उजेड उशिरा येतो.

हब हाती घेऊन आस फिरविल्यास तो अडखळत फिरतो. तो दोष नव्हे. चुंबकांची ती ओढ आहे. दिवा लागला असता पायांवर पाच-सहा वॅटांचा भार वाढतो, आणि सावकाश जाणाऱ्या स्वारालाही तो फारसा जाणवत नाही. जुन्या बाजारात एखादा स्टर्मी-आर्चर सापडला तर मात्र जपावे. त्याचे वेटोळे चुंबकाच्या कड्यातून नुसतेच बाहेर काढले की चुंबक दुबळा होतो. पूर्वी कोणी ‘साफ करण्यासाठी’ तो उघडला असेल, तर बाहेरून काहीच कळत नाही.

आता या भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर. मुलगा रोज रात्री येतो आणि बॅटरी विसरतो, म्हणून हब घेणे योग्यच आहे. आठवड्यातून एखाद्या दिवशी अंधार होत असता तर मी बॅटरीचाच दिवा सुचविला असता. परंतु हबइतकाच दिवाही पाहून घ्यावा. चाक थांबले की डायनामोची वीज थांबते, आणि उजवीकडे वळण्यासाठी रस्त्याच्या मधोमध थांबलेला मुलगा नेमका त्या क्षणी दिसेनासा होतो. ज्या दिव्यात कपॅसिटर असतो तो थांबल्यावरही काही मिनिटे मंद जळत राहतो. पुढचा आणि मागचा, दोन्ही दिवे तसेच घ्यावेत. पत्रातील मोटार मागूनच आली होती. तारेची जोडणी उजव्या बाजूस ठेवावी, तार चिमट्याला नीट बांधावी, आणि चाक काढण्याची वेळ आली तर आधी तार सोडवावी, हे मुलाला एकदा समोर बसवून करून दाखवावे.