डूमच्या बापाला कुणी मारलं?

दोस्तहो, व्हिलनला हल्ली बालपण मिळालंय. पूर्वी व्हिलन म्हणजे काळा, कुबडा, जन्मताच नीच, विषय संपला. आता तसं खपत नाही. आता आधी दोन पानं पोर थंडीत कुडकुडतं, आई मेलेली, बाप मेलेला. वाचक हळहळतो. मग पुढची पाचशे पानं सुपरहिरो त्याच पोराला बडवतो आणि तोच वाचक टाळ्या पिटतो. म्हणजे दया दाखवल्याचं पुण्यही पदरात आणि मारामारीची मजाही.

माझं भांडण त्या दोन पानांशी आहे.

डॉक्टर डूम घ्या. आमच्या पेठ वडगावची पोरंसुद्धा मोबाईलवर त्याच्या नावानं हमरीतुमरीवर येतात. कारण जुलै २०२४ मध्ये जाहीर झालं की ज्यानं आयर्न मॅन केला तो रॉबर्ट डाउनी ज्युनिअरच आता डूम करणार. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६२ साली 'फँटॅस्टिक फोर'च्या ५ व्या अंकात हा लोखंडी मुखवट्याचा बदमाश आणला. त्याचं बालपण आलं १९६४ च्या वार्षिक अंकात. ते नीट वाचा. ओळखीचं वाटेल.

लॅटव्हेरिया नावाचा काल्पनिक मुलूख. डूम तिथल्या जिप्सींच्या पालातला पोरगा. आई चेटूक करणारी, ती आधीच गेलेली. बाप वैदू, जडीबुटीवाला. जहागीरदाराची बायको मरायला टेकते, तेव्हा बापाला वाड्यावर नेतात. दुखणं हाताबाहेर गेलेलं असतं. बाई मरते. दोष कुणाचा? वैदूचा! शिपाई मागं लागतात. बाप पोराला घेऊन डोंगरात पळतो. बर्फात अंगावरचे कपडे पोराला गुंडाळतो आणि स्वतः गारठून मरतो.

आता सांगा, खुनी कोण?

शेंबडं पोरही सांगेल, जहागीरदार. पण डूम शपथ कुणाच्या सूडाची घेतो? साऱ्या मानवजातीच्या! इथं लेखकानं हात मारलाय राव. एका सरंजामी खुन्याचा गुन्हा बघता बघता दुनियेच्या माथी मारला. जो साऱ्या दुनियेवर उठला, त्याला ठेचायला सारी दुनिया मोकळी.

पुढं हा हुशार पोरगा अमेरिकेत शिष्यवृत्तीवर शिकायला जातो. तिथं त्याच्या आकडेमोडीतली चूक रीड रिचर्ड्स दाखवतो. हा ऐकत नाही. यंत्र फुटतं, तोंड भाजतं, कॉलेज हाकलून देतं. शिष्यवृत्तीवर आलेलं पालातलं पोरगं गणित चुकतं आणि चांगल्या घरचा पोरगा ते दुरुस्त करतो. हे चित्र कुठं पाहिलंय का? आपल्या वर्गात 'मेरिट मेरिट' करणाऱ्यांच्या डोक्यात हेच टांगलेलं असतं.

तिथून पुढं डूमचं वैर रीड रिचर्ड्सशी. त्याच्या मित्रांना ब्लॅकबिअर्डचा खजिना आणायला भूतकाळात धाडतो, अख्खी इमारत अंतराळात उचलतो, रीडशी शरीराची अदलाबदल करतो, सिल्व्हर सर्फरची शक्ती चोरतो. काय अक्कल, काय यंत्रं! पण या कारस्थानांत तो जहागीरदार कुठाय? नाही. बापाचा खून विसरला गेला आणि उरली एका वर्गमित्राची जळण. हा डूमचा स्वभाव नाही, दोस्तहो, हे लिहिणाऱ्याचं राजकारण आहे.

कुणी म्हणेल, अरे कॉमिक आहे, सोड की. का सोडू? ज्यांना तिथं जिप्सी म्हटलंय ते रोमा. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी इथूनच गेले. त्यांच्या भाषेत आजही पाण्याला पाणी म्हणतात, नाकाला नाक, कानाला कान. हिटलरनं त्यांची लाखो माणसं मारली आणि पश्चिम जर्मनीनं तो वंशसंहार होता हे कबूल केलं ते १९८२ साली. जे इकडे उरले त्या पालांचं इंग्रजानं काय केलं? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. तीही एक व्हिलनची गोष्टच होती, फक्त बालपणाची दोन पानं फाडलेली. पोर जन्मलं की गुन्हेगार. सोलापूरच्या सेटलमेंटला काटेरी तार, रोज हजेरी. १९५२ साली कायदा गेला, पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. तुरुंगाच्या नियमांतून आणि नोंदवह्यांतून जात काढा, हे सुप्रीम कोर्टाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सांगावं लागलं.

आता सुशिक्षित माणूस 'जन्मजात' म्हणत नाही. तो 'परिस्थिती' म्हणतो. बिचाऱ्यांची परिस्थितीच तशी! पण चोरी झाली की बोट पुन्हा पालाकडंच. परिस्थिती कुणी केली, गायरान कुणी बळकावलं, गावात मुक्काम कुणी करू दिला नाही, हे विचारलं की साहेब घड्याळ बघतात. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ साली आलं, तेव्हा हे लोक दचकले ते यासाठीच. भोगणारा स्वतः बालपण सांगायला लागला की जहागीरदार लपत नाही.

आणि आमच्या कोल्हापूरनं याचा उपाय शंभर वर्षांपूर्वी दाखवलाय. शाहू महाराजांनी १९१८ साली संस्थानात हजेरीची पद्धत बंद केली. फासेपारध्यांना काम दिलं, पहाऱ्यावर नेमलं. ज्यांना चोर म्हणत होते त्यांच्याच हातात राखण दिली! दयेचं भाषण नाही, सुस्कारा नाही. वही बंद, पोटाला काम. पालातल्या पोराला 'दुःखी भूतकाळ' नको असतो, वहीतून नाव काढलेलं हवं असतं.

शेवटचं आपल्यासाठी, आणि हे झोंबणार. डूमनं पुढं लॅटव्हेरियाची गादी बळकावली. ती मोडली नाही, तिच्यावर बसला. मुखवटा चढवला आणि रयतेला दरारा दाखवला. आपल्यातलेही काही असे आहेत. बापाच्या मरणाची गोष्ट सभेत सांगून टाळ्या घेतात आणि रात्री त्याच वाड्यावर जेवायला जातात. लेखकानं जहागीरदार लपवला म्हणून आपण ओरडतो. मग आपण तरी त्याला का लपवतो?

तेव्हा पोरांनो, डूम हिरो की व्हिलन यावर रात्र जागवू नका. व्हिलनचं बालपण कुणी सांगायला लागला की त्याला एकच विचारा, पोराच्या बापाला कुणी मारलं? नाव घे म्हणावं. नाव घेईपर्यंत सोडू नका.