गाण्याचे बिनपगारी राखणदार

गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ सालीं निवर्तले. हिंदुस्थानांत गाण्याच्या तबकड्या भरण्यास १९०२ सालीं प्रारंभ झाला होता. म्हणजे २० वर्षें तें यंत्र या देशांत वावरत होतें. तरीहि बुवांच्या आवाजाची एकहि तबकडी आज उपलब्ध नाहीं. बालगंधर्व व मास्तर कृष्णराव या शिष्यांच्या गाण्यावरून गुरूच्या गाण्याची कल्पना करावी, इतकेंच आपल्या हातीं उरलें आहे. अल्लादियाखांसाहेब तर १९४६ पर्यंत हयात होते. त्यांची गोष्टहि हीच.

याचा दोष कोणा एकाच्या माथीं मारण्यांत अर्थ नाहीं. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटें मावत. तासभर चालणारा राग त्यांत कोंबावयाचा, म्हणजे अंगणांतला वड कुंडींत लावण्यासारखें. शिवाय जें विकेल तेंच कंपनी भरणार. मग जें विकलें जाणार नाहीं, पण ज्यावांचून आपण दरिद्री होऊं, असें गाणें राखावयाचें कोणीं?

या प्रश्नास पहिलें उत्तर एका ग्रंथपालानें दिलें. न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन या संगीत-नाट्यगृहाचे ग्रंथपाल लायोनेल मेपल्सन यांनीं १९०० सालीं एडिसनचा फोनोग्राफ विकत घेतला आणि पुढील तीनचार वर्षें, प्रयोग चालू असतांना, कर्णा रोखून मेणाच्या नळकांड्यांवर गाणीं भरलीं. एका नळकांड्यावर दोनएक मिनिटें. खरखर इतकी कीं, पहिल्यानें ऐकणारास बाहेर पाऊस लागला आहे असें वाटावें. हें त्यांच्या नोकरीचें काम नव्हतें. ही निव्वळ हौस होती. पण झां द रेझ्के या त्या काळच्या अग्रगण्य गायकाचा जो पुसट आवाज आज ऐकूं येतो, तो या नळकांड्यांमुळेंच.

आतां तेथून थेट आपल्या झाडीपट्टींत येऊं. कारण मेपल्सनचे भाऊबंद आज येथेंहि आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या या धानाच्या मुलखांत दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरते, शंकरपट होतात, दंडार रंगते आणि रात्रीं नाटक होतें. नाटकमंडळ्यांचें माहेर म्हणजे वडसा. तें गडचिरोली जिल्ह्यांत असलें, तरी गोंदियाहून आगगाडी अर्जुनीवरून तेथेंच जाते, आणि मंडळ्याहि त्याच वाटेनें आमच्या जिल्ह्यांत येतात. प्रयोग रात्रीं उभा राहतो तो पहाटेपर्यंत. त्यांत गाणें एवढें कीं, जुन्या संगीत नाटकांवर वाढलेल्या आजोबांनीं मांडी ठोकून बसावें. वाजविणारे प्रत्यक्ष समोर, आणि नट स्वतःच्या गळ्यानें गाणारा. २०२३ सालीं परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली, तेव्हां शहरांतील पुष्कळांस या रंगभूमीचें नांव प्रथमच कळलें.

परंतु या गाण्यांची तबकडी काढावयास कोण येणार आहे? राखणदार एकच. पुढल्या रांगेंत मोबाइल उंच धरून बसलेला गांवचा पोरगा! सुशिक्षित मंडळी त्यास हंसतात; हात दुखेपर्यंत धरून ठेवण्यासारखें त्यांत आहे तरी काय, असें विचारतात. आमच्या मतें हंसूं नये. त्याला कोणी पैसे देत नाहीं, कीं कोणी सांगितलेलेंहि नाहीं. तो झोप मोडून गाणें टिपतो आणि दुसरे दिवशीं मित्रांस, पुण्यामुंबईस नोकरीला गेलेल्या भावांस पाठवितो.

मात्र येथेंच एक अडचण आहे, आणि ती लहान नाहीं. मंडळीचें पोट तिकिटावर चालतें. सबंध नाटक दुसरेच दिवशीं फुकट घरोघर पोहोंचलें, तर पुढल्या गांवीं तिकीट काढणार कोण? कायदाहि कलावंताच्या बाजूनें आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९९४ सालीं दुरुस्ती होऊन गाणाऱ्यास व नटास स्वतःच्या प्रयोगावर हक्क मिळाला. आज तो ५० वर्षें टिकतो. स्वतःपुरतें अथवा अभ्यासासाठीं ध्वनिमुद्रण करण्यास मुभा आहे. चारचौघांत वाटण्यास परवानगी हवी. केसरबाई केरकर यांनीं उत्तर आयुष्यांत ध्वनिमुद्रण नाकारलें. त्यांचीं जीं थोडीं ध्वनिमुद्रणें आहेत त्यांतील भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळांत गेली, आणि न झालेल्या ध्वनिमुद्रणांबद्दल रसिक हळहळतात. तरीहि तो नकार त्यांचा होता, आणि लपवून भरून घेणें ही चोरीच, मग हौस कितीहि निर्मळ असो.

अमेरिकेंतील ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदानें यांतून एक शहाणपणाची वाट काढली. १९८४ पासून ध्वनिमुद्रण करणारांस त्यांच्या जलशांत बसावयास निराळी जागाच असे. फिती आपसांत द्याव्या-घ्याव्या. विकूं मात्र नयेत, अशी रीत. आमच्याकडे याहून थोडें आवळून धरावें, असें आम्हांस वाटतें. मंडळीच्या चालकास आधीं विचारावें. वाटावयाचें तें एखादें पद वाटावें, सबंध नाटक हंगाम संपेपर्यंत पेटींत ठेवावें. आणि एक प्रत गाणाऱ्यास द्यावी. आपलें गाणें आपणांस ऐकावयास मिळालें, तर कलावंत सहसा नाहीं म्हणत नाहीं.

दुसरी गोष्ट नांवांची. गाणें टिपतात, पण कोण गातें, पेटीवर कोण, गांव कोणतें, तिथि कोणती, हें कोणी लिहीत नाहीं. ध्वनिमुद्रणाच्या आरंभीं हीं चार नांवें तोंडानें उच्चारलीं, तर निराळी वही ठेवण्याचेंहि कारण नाहीं.

वाचकभगिनींपैकीं पुष्कळींच्या माळ्यावर एखादा पत्र्याचा डबा असेल. त्यांत गणेशोत्सवांतील बैठकीच्या, रामनवमीच्या कीर्तनाच्या कॅसेटी असतील. कॅसेट १९६३ सालीं निघाली. घरांतील कित्येक आतां चाळीस-चाळीस वर्षांच्या झाल्या. पावसाळ्याच्या दमटीनें फितीवर बुरशी येते, चुंबकीय लेप सुटतो. पांढुरकें कांहीं दिसल्यास ती यंत्रांत घालून पाहूं नये, माहितगारास दाखवावी. चांगल्या असतील त्यांची प्रत संगणकावर करून ती दोन निराळ्या घरीं ठेवावी. आणि दुपारीं निवांत असतांना सासूबाईंस अथवा मामंजींस शेजारीं बसवून ती ऐकवावी. मागें तंबोऱ्यावर कोण बसलें होतें, मध्येंच दाद कोणी दिली, हें सांगणारें माणूस घरांत आहे तोंवरच डब्यावर चिठ्ठी लिहून व्हावी.